अर्ध्या टीमला पीठ

अहिल्यानगर,
दि. ८ डिसेंबर २०२४

ती. तात्यांस,
ज्ञानेश्वरीचा शि. सा. न. वि. वि.

मी ठीक आहे, म्हणजे उभी आहे. तुमचे कान पार गेल्यापासून फोनचा उपयोग राहिला नाही. मी इकडून ओरडते, तुम्ही तिकडून भलतंच उत्तर देता आणि स्टाफरूममधले सगळे माना वळवून बघतात. त्यापेक्षा पत्र बरं. तेवढा वेळ खुर्चीत बसायला तरी मिळतं.

पीएचडी म्हणजे मी नेमकं करते काय, असं तुम्ही विचारलं होतंत. वांगं चिरून ठेवलं की काळं पडतं ना? फुटबॉलची पोरं तासभर जीव तोडून पळाली की त्यांच्या अंगातही तसंच काहीसं होतं. ते रोखणारे पदार्थ रक्तात असतात, त्यांना अँटिऑक्सिडंट म्हणतात. आवळ्यात, पेरूत, शेंगदाण्यात ते असतात. कुणी म्हणतं, ते वाढवले की खेळाडू कमी दमतो. कुणी म्हणतं, फार वाढवले तर शरीर आळशी होतं, स्वतः झुंजायला शिकतच नाही. खरं काय, ते मी कॉलेजच्या टीमवर तपासतेय. अर्ध्या पोरांना जीवनसत्त्वाच्या कॅप्सूल, अर्ध्यांना तशाच दिसणाऱ्या, पण आत नुसतं पीठ. कुणाला कुठली, ते फक्त माझ्या मार्गदर्शक सरांना ठाऊक. आधी रक्त तपासलं, दमेपर्यंत पळवून पाहिलं. फेब्रुवारीत पुन्हा तेच करायचं आणि फरक बघायचा.

यंदा हे पुरं झालं नाही तर माझी नोंदणी संपते. पीएचडी नाही तर कायमची नोकरी नाही. दर जूनला नव्यानं अर्ज, नव्यानं हात जोडणं. पाच वर्षं झाली तात्या. चाळिशी आली. आताशा पोरांच्या सरावाला शिट्टी फुंकायलाही दम पुरत नाही.

आवळे पोचले. पोरांना देता येत नाहीत, सगळं गणित बिघडेल, म्हणून मीच खाते. शेजारच्या राहीबाई भाकरी पाठवतात ना? त्यांना नावं ठेवू नका.

माया आहे तेवढी तरी राहू द्यावी.
आपली,
ज्ञाना


ता. अकोले,
दि. १९ डिसेंबर

चि. ज्ञानास अ. उ. आ.

पत्र पोचलं. मला तुझ्यासारकं छापील लिहिता येत न्हाई, बोलतो तसं लिहितो. वांग्याचं समजलं, बाकीचं डोक्यावरून गेलं. पन मला सांग, अर्ध्या पोरांना पीठ चारायचं आन कोनाला ते सांगायचं न्हाई, ह्याला तुमी शास्त्र म्हनता व्हय? आमच्यात ह्याला भेसळ म्हनत्यात.

भाताची झोडनी उरकली, पाठ धरलीय. राहीबाईची भाकर जाड असती, पन मी हूं का चूं करत न्हाई. लग्न झालेल्या पोरी माहेरी येऊन चार दिस लोळत्यात. तू तर बिनलग्नाची, तुला कोनाची परवानगी लागती गं? तुझं पत्र वाचलं तरी मला धाप लागती.

जीव सांभाळ, मग बाकीचं.
तुझा तात्या


अहिल्यानगर,
दि. २३ फेब्रुवारी २०२५

ती. तात्यांस शि. सा. न. वि. वि.

तात्या, घात झाला.

सरांनी परवा कुठला गट कुठला ते उघड केलं. दोन्ही गट सारखेच. पळण्यात सारखे, दमण्यात सारखे, आणि ज्यांनी पीठ खाल्लं त्यांच्याही रक्तात जीवनसत्त्व वाढलेलं! पीठ खाऊन ते वाढेल कसं? आधी वाटलं लॅबची चूक. मग कॅप्टनला बोलावलं. काशिफ त्याचं नाव, मुकुंदनगरचा, गुणी पोरगा. त्यानं हसत हसत सगळं सांगून टाकलं.

ह्या पोरांची एक रीत आहे. सराव संपला की मैदानाच्या कडेला चादर अंथरायची, सगळ्यांचे डबे तिच्यावर मांडायचे आणि ज्याला जे चालतं ते त्यानं कुठल्याही डब्यातलं खायचं. आपलाच डबा धरून बसणाऱ्याला पुढच्या मॅचला कुणी पास देत नाही म्हणे. कॅप्सूलचंही त्यांनी तेच केलं. पहिल्याच दिवशी सगळ्या बाटल्या एका स्टीलच्या डब्यात ओतल्या, खडखड हलवल्या आणि रोज हाताला येईल ती तोंडात टाकली. काशिफचं म्हणणं असं की अर्ध्यांना पीठ मिळणार हे मॅडमनीच सांगितलं होतं. अर्धी टीम ताकदीवर पळणार आणि अर्धी पिठावर, तर पास द्यायचा कुणाला?

रागवायला म्हणून तोंड उघडलं आणि मला रडूच फुटलं. पोरं घाबरली. ओम नावाचा आमचा गोलकीपर पळत जाऊन पाण्याची बाटली घेऊन आला.

सरांना सांगितलं. ते म्हणाले, डब्याचं कुणाला कळणार आहे? गट सारखे आले, तर गोळीनं काही फरक पडत नाही असं लिही आणि मार्चअखेर प्रबंध दे. सर वाईट नाहीत हो, तेही दमलेत, त्यांना निवृत्तीचे वेध लागलेत. आणि खरं सांगू? मलाही तसंच लिहावंसं वाटतंय. तुम्ही काय म्हणता?

लोभ धरावा, उत्तर लवकर धाडावं.
ज्ञाना


ता. अकोले,
दि. २ मार्च

चि. ज्ञानास अ. उ. आ.

लिही आन मोकळी हो.

त्या गोळीनं कोन मेलं न्हाई आन कोन जगनार न्हाई. तुझे सर शिकलेले हायेत, ते म्हनतात तर लिही. लोक ह्याच्याहून मोठाली खोटं लिहून बंगले बांधत्यात. मी म्हातारा मानूस, आपमतलबी झालोय. मला तू डोळे मिटून आठ तास निजलेली पाह्यजे, बस.

पोरांना मारू नको. त्यांचं काय चुकलं ते मला अजून समजलेलं न्हाई.

आशीर्वाद.
तात्या


अहिल्यानगर,
दि. २८ मार्च

ती. तात्यांस शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र शेजारी ठेवून लिहायला बसले. लिहिलंही सगळं. गोळीनं काही फरक पडत नाही, असं ठासून लिहिलं. दुसऱ्या दिवशी सही करून द्यायचं, एवढंच उरलं होतं.

संध्याकाळी मैदानावर ओम आला. त्याचा धाकटा भाऊ शाळेच्या टीममध्ये आहे, त्याला ह्या गोळ्या सुरू कराव्यात की नको, एवढंच त्याला विचारायचं होतं. साधा प्रश्न. पण तात्या, मला उत्तर माहीत नव्हतं! पाच वर्षं घातली आणि एका पोराला हो की नाही सांगता येईना. मला माहीत नाही, असं मी त्याला सांगितलं. मग तेच कागदावर लिहून विद्यापीठाच्या समितीला दिलं. डब्याची हकिकतही दिली. पोरांना दोष लागू नये म्हणून वर लिहिलं की लक्ष ठेवणं माझं काम होतं.

समितीनं एक वर्ष वाढवून दिलंय. सप्टेंबरपासून सगळं पुन्हा पहिल्यापासून, नव्या बाटल्या, नवं रक्त. सर माझ्याशी बोलत नाहीत. काशिफ रोज येऊन विचारतो की कधी सुरू करायचं, यावेळी ज्याची त्यानंच खायची. त्याला काय सांगू? माझ्यात काही उरलं नाही. मी नाही करणार हे. जूनमध्ये अर्जही करणार नाही. घरी येते, कायमची.

रागावला असाल तरी जवळ करावं.
ज्ञाना


ता. अकोले,
दि. ६ एप्रिल

चि. ज्ञानास अ. उ. आ.

माझं ऐकलं न्हाईस. बरं केलंस का वाईट, ते तुझं तुला ठाव. मी लई चिडलो हुतो. दोन दिस कोनाशी बोललो न्हाई, तसं बी मला कोन काय बोलतं ते कळत न्हाईच.

घरी ये. गादी उनात टाकलीय. महिनाभर नीज, राहीबाईची जाड भाकर खा, कोनी उठवनार न्हाई. पन कायमची येनार असशील तर दार लावून घेईन, आधीच सांगतो. पोरगं गोळी खाऊ का इचारतंय आन मास्तरीन घरी जाऊन झोपली, असं कुठं असतंय?

सप्टेंबरात भात पोसवायला लागलं की मला रानात काम नसतं. मी नगरला येतो. बाटल्या माझ्या ताब्यात दे. एकेकाला पुढं उभं करीन, ज्याची त्याला देईन, गिळून जीभ वर करून दाखव म्हनीन. त्यांनी कितीबी गयावया केली तरी मला ऐकू येनार न्हाई. तू खुर्ची टाकून बस. चादरीवरचं जेवान मातर मोडू नको, मी बी जेवंन त्यांच्यात.

तुझं मागचं पत्र मी ओट्यावर बसून राहीबाईला वाचून दाखवलं. मला माहीत न्हाई असं तू त्या मोठ्या लोकांना लिहून दिलंस, तिथपर्यंत आलो आन वर बघितलं, तर सगळी आळी दारात येऊन उभी. माझा आवाज चढला असनार.

आशीर्वाद हायेतच, मागायला नको.
तुझा तात्या