सुमीची मखमली मोजडी

गोरेगाव, मंगळवार, संध्याकाळ

हाताला लागली ती लग्नातली मखमली मोजडी घालून लेक आज सासरहून एकटीच आली. मोजडी चिखलानं भरलेली. चिखल वाळू दिला, मऊ ब्रशनं झाडला, मग पिळलेल्या फडक्यानं हलकेच टिपलं. टाचेजवळचा तांबडा डाग तेवढा निघेना. आपल्याकडं तर काळी माती. मग तांबडा कशाचा?

विचारलं, तर सुमी म्हणाली, "माय, घासू नको, मखमल जाईल." पाय मात्र दाखवेना. तो डाग डोळ्यांपुढून हलत नाही.

पाचला जावई जीप घेऊन आला. "पाठवा तिला."

"न्हाई पाठवत," मी म्हटलं.

तो हसला. "बराबर. बघतो."

दिवे लागले तरी जीप दारातच उभी आहे. मधूनच हॉर्न वाजतो, की सुमी माझा पदर घट्ट धरते.