तू निवडलेला आठवडा

आई,

तू रोजच्या सरावाला मत्स्योदरी देवीच्या टेकडीच्या पायऱ्या चढायला गेलीस, तेवढ्यात आम्ही हिमालयातल्या फुलांच्या घाटीला निघालो आहोत. समोर सांगितले असते तर तू रडली असतीस आणि आमची गाडी चुकली असती.

आठवडा तूच निवडलेला आहे. बद्रीनाथहून आलेल्या प्रत्येक बाईला विचारून तू म्हणाली होतीस, "कल्याण, उन्हाळ्यात तिथं बर्फच राह्यतो, दिवाळीला नुसतं वाळलं गवत. श्रावणातच जाऊ, मंग फुलं राह्यत न्हाईत." ते अगदी बरोबर आहे. पण चढण मोठी आहे, आणि तुझ्यासाठी सगळ्यांना जागोजागी थांबावे लागले असते. म्हणून तुझ्याऐवजी माझ्या सासूबाई, प्रियदर्शनीच्या आई, येत आहेत. त्यांचे तिकीट मागच्याच महिन्यात काढले होते. तुझे नवे बूट त्यांना नीट बसले, तेही नेले आहेत.

दूध तापवून ठेवले आहे. तू भरून ठेवलेली पिशवी रिकामी करून माळ्यावर टाकली आहे. पोळ्याच्या आधी परत येऊ.

उद्यापासून पायऱ्या चढायला जाऊ नकोस. तुझे गुडघे दुखतात, आणि आता त्याची गरजही राहिलेली नाही.

कल्याण