दसऱ्याच्या आत हॉल मॉडर्न

१७ ऑगस्ट १९५८, रविवार

आजपासून घराच्या सजावटीकडे जातीनं लक्ष द्यायचं ठरवलं. काल दाताच्या डॉक्टरांकडे नंबर येईपर्यंत एक अमेरिकन मासिक चाळलं. त्यात एका दिवाणखान्याचं रंगीत चित्र होतं. चार भिंती, चार रंग, मधे काहीही नाही. दाढ काढताना मी त्या चित्राचाच विचार करत होतो, त्यामुळे दुखलं नाही. घरी आलो आणि आमचा हॉल पाहिला, तेव्हा दुखलं.

हॉल कसला, ट्रंकांचं गोडाऊन! भिंतींना चुना. तो कोटाला लागतो, हाताला लागतो, फक्त भिंतीवर राहत नाही. पूर्वजांनी जमवलेल्या लोखंडी ट्रंका, लांबलचक बाकं, एक टेबल. टेबलावर रेडिओ, रेडिओवर विणलेला रुमाल, रुमालावर पितळी मोर. मोरावर काही नाही, ती केवळ सौ. वसुमतीची नजरचूक.

नीरजाचा लग्नानंतरचा पहिला दसरा आहे. विहीणबाई, म्हणजे तिच्या सासूबाई गोदूबाई, धारवाडहून येणार. लग्नात त्या मला म्हणाल्या होत्या, ‘तुमच्याकडं सगळं जुन्या वळणाचं आहे, बरं वाटलं बघा.’ त्या दिवसापासून मला बरं वाटलेलं नाही.

निश्चय: दसऱ्याच्या आत हॉल मॉडर्न.

वसुमतीला सांगितलं. ती म्हणाली, आधी न्हाणीघराचा नळ बघा, महिनाभर गळतोय. हा मुद्दा इंटीरियरचा नाही.

२४ ऑगस्ट, दुपार

मासिकाचं पहिलं तत्त्व: अडगळ काढा. वसुमती देवळात गेली होती. वेळ साधून ट्रंका आणि बाकं शेजारच्या हंबीररावांकडे पोचवली. हंबीरराव रिटायर्ड रिसालदार आहेत. आयुष्य घोड्यांत गेल्यामुळे त्यांना सजावटीतलं काही कळत नाही. म्हणाले, ‘ठेवतो उपेंद्रराव, पण पुन्हा मागायला येऊ नका. आमच्या हिच्या हातात वस्तू गेली की लगाम तिच्याकडे.’ मी हसलो. मॉडर्न माणूस मागे वळून पाहत नाही.

संध्याकाळ

वसुमतीनं मागे वळून पाहिलं. विचारलं, ‘आता गोंबे कशावर मांडायचे?’

खरं सांगायचं तर हा विचार माझ्या मनात आलाच नव्हता. नवरात्रात या गावात घरोघर बाहुल्या मांडतात. त्या मांडायला पायऱ्या लागतात आणि त्या पायऱ्या म्हणजे खाली ट्रंका, वर बाकं, सगळ्यावर पांढरं धोतर. मी शांतपणे म्हणालो, दसऱ्याला अवकाश आहे, तोवर बघू.

ती म्हणाली, ‘एवढंच ऐका. नीरजाला लग्नात दिलेले पट्टद गोंबे, तो लाकडी राजा आणि राणी, यंदा पहिल्यांदा बसायचेत. ते आपल्या घरात बसले पाहिजेत आणि विहीणबाईंनी ते आपल्या घरात बघितले पाहिजेत. मग भिंतींना तुम्ही डांबर फासा.’

डांबर! हिला रंगांची दृष्टीच नाही.

४ सप्टेंबर

कल्लाप्पा आला. त्याला सुतारकाम आणि रंगकाम दोन्ही येतं, असं त्याचं म्हणणं आहे. लोकांचं मत वेगळं आहे, पण लोकांना नवं काही सहन होत नाही. मी योजना समजावून दिली: एक भिंत समुद्री हिरवी, एक लिंबाची, एक गुलाबी, एक करडी. तो प्रत्येक रंगाला ‘सरी सार’, म्हणजे ‘बरं साहेब’, म्हणत गेला. इतका समजूतदार माणूस मल्लेश्वरमात दुसरा नसेल. शेवटी फक्त एकच शंका काढली, ‘घर वाटून देणार काय सार? भाऊ भाऊ वेगळे झाले?’

त्याला मासिकातलं चित्र दाखवायला हवं होतं. पण डॉक्टर मासिक घरी नेऊ देत नाहीत, आणि आता माझ्याकडे काढण्यासारखी दाढ उरलेली नाही.

११ सप्टेंबर

समुद्री हिरवा लागला. वसुमती म्हणाली, कोथिंबिरीची चटणी. कल्लाप्पा म्हणाला, ‘स्वल्प वाळू दे सार, मग बघा.’ वाळू दिलं. आता वाळलेली कोथिंबिरीची चटणी दिसते. तरी मी ठामपणे सांगितलं की समुद्र हुबेहूब असाच असतो. मी तो गोकर्णाला एकदा पाहिला आहे, अमावास्येच्या रात्री.

लिंबाची भिंत मात्र फारच छान झाली. तिच्यासमोर उभं राहिलं की माणूस काविळीनं आजारी दिसतो, पण तिच्यासमोर उभं राहायचं कशाला?

१६ सप्टेंबर

गौरी-गणपती. कल्लाप्पा गुलाबी भिंत अर्धी सोडून गावाला गेला. जाताना ‘नाळे बरतीनि’ म्हणाला. उद्या येतो. कुठल्या महिन्यातलं उद्या, हे विचारायचं राहिलं. हॉलमध्ये शिडी आणि डबे असल्यामुळे यंदा गणपती स्वयंपाकघरात बसला. वसुमती काही बोलत नाही. तिची संमती आहे असं मी धरून चालतो.

२२ सप्टेंबर

कल्लाप्पा आला! आता मुख्य आकर्षण, रूम डिव्हायडर. चित्र मीच आठवून काढलं. उंच लाकडी मांडणी. एकही खण दुसऱ्यासारखा नाही. काही रुंद, काही अरुंद, काही तिरके. लाकूड हॉलमध्येच होतं म्हणून जोडणीही हॉलमध्येच चालू. आता गोंब्यांचा प्रश्न आपोआप सुटला. बाहुल्या या खणांत मांडायच्या! ट्रंकांच्या पायऱ्यांवर बाहुल्या म्हणजे थर्ड क्लासचे प्रवासी. इथे प्रत्येकीला स्वतंत्र फ्लॅट.

वसुमतीला ही कल्पना सांगितली. ती बराच वेळ खणांकडे बघत होती. प्रभाव पडलेला दिसतो.

२९ सप्टेंबर

पितृपक्ष लागला. कल्लाप्पा म्हणतो, पक्षात नव्या भिंतीला हात लावत नाही. मी म्हणालो, करडा रंग नवा नाही, अगदी आजोबांच्या वेळचा वाटतो. तो म्हणाला, ‘सरी सार,’ आणि निघून गेला.

स्वस्थ बसून हिशेब मांडला. मासिकात चार रंग होते. आमच्याकडे हिरवा, पिवळा, अर्धा गुलाबी आणि चुन्याचा पांढरा. झाले की चार! काम वेळेआधी पूर्ण. उगाच काळजी करत होतो.

७ ऑक्टोबर

नीरजा आली. राजा-राणीला तिनं लग्नातल्या शालूत गुंडाळून मांडीवर घेऊन आणलंय. दारातच थबकली. म्हणाली, ‘अण्णा, आपण घर बदललं?’ मग डिव्हायडर पाहून, हे काय, म्हणाली. मी सांगितलं, रूम डिव्हायडर. ‘पण तो तर भिंतीला चिकटून उभा आहे. मग रूम डिव्हाइड कशी करतो?’ सासरी गेल्यापासून मुलगी फार प्रश्न विचारायला लागली आहे.

विहीणबाई बसवनगुडीला भावाकडे उतरणार आहेत आणि नवमीला आमच्याकडे येणार. उत्तम. त्यांना सगळं एकदम दिसेल. ठसा असाच उमटतो.

१० ऑक्टोबर

आज तालीम म्हणून गोंबे खणांत ठेवून पाहिले. किरकोळ अडचणी आल्या. हत्ती बसला, पण सोंड बाहेर. बासरीवाला कृष्ण तिरक्या खणात घसरून पालथा पडतो. वाण्याच्या दुकानातला वाणी बसला, दुकान बसलं नाही. राजा फक्त एकाच खणात उभा राहतो. राणी शेजारच्या खणात. मधे फळी.

वसुमतीचा चेहरा पांढऱ्या भिंतीसारखा झाला. म्हणाली, ‘पोरीच्या लग्नाचं पहिलं वर्ष, आणि राजा-राणीच्या मधे भिंत? हे विहीणबाईंना दाखवू?’ नीरजानं राणी उचलून राजाच्या खणात कोंबून बघितली, मग दोघांना काढून पुन्हा शालूत ठेवलं. तिचे डोळे भरले होते. रंगाचा वास असेल. असेल काय, वासच होता. मी खिडकी उघडली.

मग उदार मनानं ठरवलं की डिव्हायडर काढू. तो दारातून जात नाही. आडवा जात नाही, उभा जात नाही. हंबीररावांना बोलावलं. ते सगळीकडून फिरून म्हणाले, ‘उपेंद्रराव, घोडा तबेल्यात जातो तसा बाहेरही येतो. पण तो तबेल्यात जोडलेला नसतो.’ कापू म्हणून मी स्वतः करवत घेतली, तर वसुमतीनं ती हातातून काढून घेतली. म्हणाली, भिंती पुरेत, आता छप्पर तरी राहू दे.

१२ ऑक्टोबर, अमावास्या

सकाळी ट्रंका परत मागायला गेलो. हंबीरराव आठवड्याच्या बाजाराला निघून गेले. ते इतक्या चपळाईनं चालू शकतात हे माहीत नव्हतं. त्यांच्या पत्नी सकवारबाई म्हणाल्या, ट्रंकांत त्यांनी रजया भरल्या आहेत आणि त्यांवर भरलेली पिंपं चढवली आहेत. मी परत आलो.

दुपारी वसुमती गेली. तासाभरानं हसत परत आली. सकवारबाई तिला म्हणाल्या म्हणे, ‘वसुअक्का, ट्रंका तुमच्या, बाकं तुमची, हॉल तेवढा आमचा. हितंच मांडा की! आमच्या घरात पोरगी नाही, गोंबे कधी बसलेच नाहीत.’ आणि रजया, पिंपं सगळं त्यांनी स्वतःच्या हातांनी काढून ठेवलं.

मी म्हणालो, ‘अगं, पण गोंबे एकदा बसवले की दसरा होईपर्यंत हलवत नाहीत! विहीणबाईंनी आपल्या घरात बघितले पाहिजेत, असं तूच म्हणाली होतीस.’ ती म्हणाली, ‘घर तुम्ही मला कुठं ठेवलंत? पोरीचे राजा-राणी जवळ जवळ बसताहेत, मला तेवढं पुरे. तुमचा हॉल तुम्ही दाखवा.’

अखेर तिला पटलं तर! हॉल बघायला येणाऱ्यांचं लक्ष बाहुल्यांकडे गेलं असतं. आता तसं होणार नाही.

१३ ऑक्टोबर

गोंबे बसले. शेजारी. मी पाहायला गेलो नाही. दिवसभर कोट घालून हॉलमध्ये बसलो. पोस्टमन आला. बाहेरूनच गेला.

१५ ऑक्टोबर

अख्खा क्रॉस, म्हणजे आमची सगळी गल्ली, शेजारी लोटला आहे. हसणं, गाणी, हरभऱ्याच्या उसळीचा वास. नीरजाचा आवाज सर्वांत मोठा. उसळीचा द्रोण मला तिनं खिडकीतून दिला.

१८ ऑक्टोबर

यश!

दुपारपासून पावसाची झड. साधारण पाचला दारात पावलं वाजली आणि बायका हॉलमध्ये येऊ लागल्या. एक नाही, दोन नाही, रीघच. वसुमती स्वतः त्यांना घेऊन येत होती. मी उठून उभा राहिलो. काय सांगावं, प्रत्येकजणी आत येताच पायांतल्या चपला काढत होती, देवळात काढतात तशा! डिव्हायडरसमोर वाकत होती आणि अनवाणीच परत जात होती. मी एकीला रंगसंगती समजावणार होतो, पण त्या सगळ्या इतक्या भारावल्या होत्या की थांबल्याच नाहीत.

गंमत म्हणजे तासाभरानं सगळ्या पुन्हा आल्या. एकदा पाहून समाधान झालं नाही.

१९ ऑक्टोबर

आजही पाऊस, आजही तीच गर्दी. काहीजणी छत्र्याही ठेवून गेल्या. एका बाईंनी मला विचारलं, ‘तुम्ही इथंच असता ना?’ म्हटलं, हो, हा सगळा माझाच उद्योग. ‘मग बरं,’ म्हणाल्या, ‘जरा लक्ष ठेवा.’ कलाकृती सांभाळायला हवी, हे सामान्य माणसालाही कळतं.

२१ ऑक्टोबर, नवमी

विहीणबाई आल्या. टांगा शेजारीच थांबला. नीरजानं त्यांच्या चपला उतरवून घेतल्या आणि त्यांना थेट गोंब्यांकडे नेलं. सर्वांत वरच्या पायरीवर राजा आणि राणी खांद्याला खांदा लावून. विहीणबाईंनी डोळे पुसले म्हणे, नीरजाला जवळ घेतलं म्हणे, आणि सकवारबाईंना म्हणाल्या म्हणे की अशी आरास त्यांनी धारवाडात पाहिली नाही. मी इकडे कोटाची बटणं लावून उभा.

अखेर वसुमती त्यांना घेऊन आली. त्या अनवाणीच आत आल्या. हिरवी भिंत पाहिली. पिवळी पाहिली. गुलाबी जिथवर आहे तिथवर पाहिली. मग डिव्हायडरसमोर उभ्या राहिल्या. प्रत्येक खणात एकेक जोड होता. रुंद खणात रुंद पायाचा, अरुंद खणात लहान मुलीचा, आणि तिरक्या खणात उंच टाचेचे सँडल, जराही न घसरता. एकही खण रिकामा नव्हता, आणि एकही जोड बाहेर आलेला नव्हता.

विहीणबाई म्हणाल्या, ‘उपेंद्रराव, आमच्याकडं मोठमोठ्यांची घरं पाहिली. पण पाहुण्यांच्या चपलांसाठी असा स्वतंत्र हॉल, रंग देऊन, मांडणी करून... ही समज कुणाला नाही बघा!’

अगदी मनापासून म्हणाल्या. वसुमतीनं पदर तोंडाला लावला. मी आभार मानले आणि त्यांच्या चपला काढून दिल्या. शोधाव्या लागल्या नाहीत. कुठल्या खणात कुणाच्या, हे आता मला पाठ झालं आहे.