नोकरी मी सोडली नव्हती

प्रिय मल्लिनाथ,

प्रिय लिहिलं आहे ते सवयीनं. खरं तर आज इतका राग आहे की नुसतं नाव लिहून सुरुवात करणार होते. पण मायन्यात प्रिय नसेल तर मल्लिनाथ सर पत्र पुढं वाचणार नाहीत, हे मला माहीत आहे. फोन मी मुद्दाम उचलत नाही. फोनवर तू बोलतोस आणि मी तुझ्या क्लासच्या पोरांसारखी हां हां करत बसते. पत्राला मध्येच तोडता येत नाही. वर गावाचं नाव घातलेलं नाही, तेही मुद्दामच. मी ठणठणीत आहे आणि कुठं आहे ते शेवटी कळेल.

मागच्या रविवारी तू लातूरला तुझ्या क्लासेसची मातृवंदना ठेवलीस. सकाळी मुरुडला गाडी पाठवलीस. मला वाटलं, शाल-नारळ घ्यायचं आणि जेवून यायचं. तू मला स्टेजवर मधोमध त्या मखमली खुर्चीत बसवलंस आणि पितळी परातीत माझे पाय धुतलेस. मागं भिंतभर पडद्यावर माझा फोटो, कंप्युटरवर बनवलेला, देवघरासमोर हात जोडलेला. आपल्या घरात देवघर कधी होतं रे? मग तू माइक घेतलास आणि हजारभर आयांना सांगितलंस की भूकंपाच्या पहाटे माझ्या आईनं सहा लेकरांना पोटाशी धरलं, आता उंबरा ओलांडायचा नाही असं त्याच दिवशी ठरवलं, सरकारी नोकरीवर पाणी सोडलं आणि त्या त्यागामुळं मी आज इथं उभा आहे. सगळा हॉल रडला. मग त्या रडणाऱ्या बायांना तू म्हणालास की नीटची दोन वर्षं सगळं सोडा, लातुरात खोली घ्या, लेकराला गरम जेवू घाला, आई जवळ असली की रँक येते. मी परातीत ओले पाय घेऊन बसले होते. उठून माइक हिसकावला असता, पण घसरून पडले असते आणि तू त्यालाही माझा त्याग म्हटलं असतंस.

खाली उतरले तर उदगीरची एक बाई माझा हात सोडेना. नाझनीन तिचं नाव, उर्दू शाळेवर शिकवते. म्हणाली, ‘अम्मा, तुमचं ऐकलं अन् जीव भरून आला. म्या बी आता शाळा सोडून राहिले. पोरीसाठी एवढं तर करायलाच पाहिजे ना.’ मी म्हणाले, ‘अगं थांब, असं काही झालेलंच न्हाई.’ तेवढ्यात तुझ्या टीशर्टवाल्या पोरांनी ‘आई, जेवण, आई, जेवण’ करत मला आत नेलं. ताटात पुरणपोळी होती. ती मी तशीच ठेवली. ती बाई कुठल्या गावच्या कुठल्या शाळेत आहे, हेसुद्धा मी विचारू शकले नाही.

आता त्या पहाटेचं ऐक. सहा लेकरं म्हणालास. त्या पहाटे माझ्या घरात पाचच होती आणि सहावा कुठं होता ते तुला पुरतं ठाऊक आहे. मुरुडला फळीवरची भांडी कोसळली, भिंतीला भेग गेली, आम्ही सगळी रस्त्यावर आलो. फटफटलं तेव्हा दवाखान्याची जीप दारात आली. ड्रायव्हर म्हणाला, किल्लारीकडं काही उरलेलं न्हाई. माझं माहेर तिकडं, माझी धाकटी बहीण महादेवी तिकडंच दिलेली. माझा नवरा, तुझे अप्पा, माझ्याकडं बघून एवढंच म्हणाले, ‘तू जा. लेकरं माझ्याकडं हायत.’ पोटाशी मी कुणालाही धरलं नाही. धाकटी पदराला लटकली होती, तिची बोटं सोडवली आणि जीपमध्ये बसले.

आदल्या दिवशी गणपती बोळवून माणसं दमून घरात झोपली होती. माळवदाची घरं, वर मातीचा एवढा थर. पोचले तर गल्ल्याच नव्हत्या. आधी जे जिवंत होते त्यांचे मोडलेले हातपाय बांधले, कारण मी तिथं बहीण म्हणून गेले नव्हते, सिस्टर म्हणून गेले होते. महादेवीच्या, तुमच्या घरापाशी जाता आलं तेव्हा उकरणारी माणसं तिथून उठून पुढं निघाली होती. आतून आवाज नाही म्हणाले. मी त्यांची वाट अडवली. त्या घरात मी सणावाराला राहिलेली. तू बळदापाशी झोपतोस, भिंतीतल्या ज्वारीच्या कोठाराला टेकून, कारण तिथं गार लागतं, हे मला माहीत होतं. ‘हितं उकरा, हितं,’ म्हणून ओरडून माझा घसा बसला. बळदाची भिंत तिरपी होऊन अडकली होती. तिच्याखाली तू होतास, तोंडात माती भरलेला. ती माती मी माझ्या बोटानं काढली आहे. महादेवी आणि तुझे वडील पलीकडच्या खोलीत होते आणि त्यांच्यासाठी कुणालाच काही करता आलं नाही.

मी उंबरा ओलांडला नसता तर आज माइक कुणाच्या हातात असता, सांग मला. तुला नोकरीनं वाचवलं. दवाखान्याची जीप होती म्हणून मी पोचले आणि अंगावर पांढरी साडी होती म्हणून माणसांनी माझं ऐकलं. त्याच नोकरीला तू स्टेजवर मूठमाती दिलीस. मी निवृत्त होईपर्यंत, इन्चार्ज सिस्टर होईपर्यंत, एक दिवस बिनपगारी घरी बसलेली नाही. मुरुडच्या अर्ध्या बाजारपेठेला मी जन्मताना बघितलं आहे.

आणि त्या फोटोतल्या देवघराचं काय करायचं? नांदेडला नर्सिंगला गेले तेव्हा माझ्या वडलांनी सांगितलं होतं की आपण लिंगायत, आपला देव गळ्यात असतो, त्याला खोली लागत नाही, आणि हातातलं काम नीट केलं की तीच पूजा. मी ते शब्दशः धरलं. ड्यूटीरूममध्ये, एसटीच्या स्टँडवर, किल्लारीच्या पत्र्याच्या शेडमध्ये, जिथं हात धुवायला पाणी मिळालं तिथं गळ्यातल्या डबीतून लिंग काढलं, तळहातावर घेतलं, कपाळाला विभूती लावली आणि पुढच्या पेशंटकडं गेले. आपल्यात सुतक नाही. जन्माचं नाही, मरणाचं नाही, बाईच्या चार दिवसांचं नाही. तरी सासूबाईंनी शेजारणींचं बघून सुरू केलं होतं, बाळंतपणं करून येतेस, चुलीला शिवू नको. मी म्हणाले, बरं झालं, शिवत नाही. तेव्हापासून चूल अप्पांकडं गेली ती गेलीच. सासूबाईंनी मग किती हातपाय आपटले, पण मी काही ती परत घेतली नाही.

देवावर मी रागावलेच नाही असं समजू नकोस. आपल्यात माणसाला मातीत बसवतात, हातात त्याचं लिंग देऊन. त्या दिवसांत खड्डे खणायला कुणाला उसंत होती? एकेका सरणावर कितीजण गेले. महादेवीची डावी मूठ उघडून मी तिचं लिंग आत ठेवलं आणि बोटं मिटवली. त्यानंतर कितीतरी दिवस मी माझी डबी उघडली नाही, नुसती गळ्यात वागवली. मग एका शेडमध्ये एका बाईची सुटका केली, पोर रडलं, मी हात धुतले आणि हात आपोआप डबीकडं गेला. हा माझा देव. डोळे मिटून हात जोडणारी ती पडद्यावरची बाई कोण आहे मला माहीत नाही.

पण मला सगळ्यात जास्त कशाचा संताप आला, सांगू? तुझ्या त्या भाषणात अप्पा कुठंच नव्हते. मी तुला जीपमधून मुरुडला पाठवलं आणि स्वतः दिवाळीनंतर परतले. तोवर सहा लेकरांची न्हाणी, वेण्या, शाळा, दुखणी त्या माणसानं काढली. भांड्यांचं दुकान पुढं आणि चूल मागं. गिऱ्हाईक आलं की पिठाच्या हातानंच कळशी दाखवायचे. बाजारात त्यांना विरूपाक्षबाई म्हणायचे, तोंडावर. ते म्हणायचे, ‘म्हणू द्या, त्यांच्या बायका दवाखान्यात आल्या की माझीच बायको लागती.’ तू तर कुणाशी बोलतच नव्हतास. शाळेत नाही, पोरांत नाही. नुसता अप्पांच्या शेजारी चुलीपुढं बसायचास. त्यांनी तुला बोल म्हटलं नाही, पीठ दिलं. मी आले त्या संध्याकाळी तू पाटावर बसून भाकरी थापत होतास, आणि अप्पा माझ्याकडं बघत राहिले तेव्हा तू म्हणालास, ‘अप्पा, भाकर करपून राहिली.’ ते तुझं पहिलं बोलणं. अप्पांनी तोंड फिरवलं, धूर लागला म्हणाले. ती करपलेली भाकरी आम्ही सगळ्यांनी तुकडा तुकडा वाटून खाल्ली.

त्यानंतर बारावीपर्यंत घरातल्या निम्म्या भाकऱ्या तुझ्या हातच्या होत्या. तुझ्यासारखी गोल भाकरी माझ्या चार मुलींपैकी एकीलाही जमली नाही. आणि आता लातूरच्या स्टेजवर उभा राहून तू सांगतोस, आई घरी नसली तर लेकरू उपाशी राहतं. तू उपाशी होतास? अप्पा असते तर हसून सोडून दिलं असतं त्यांनी. मी सोडणार नाही.

तू असं का करतोस तेही मला थोडं कळतं. महादेवीचं नाव तुला चारचौघांत घेता येत नाही. घरीसुद्धा तू कधी घेतलं नाहीस आणि मी कधी घ्यायला लावलं नाही. ज्या आईला त्या पहाटे तुला पोटाशी धरता आलं नाही ती तू माझ्या खुर्चीत आणून बसवलीस. त्याबद्दल मला राग नाही, खरंच नाही. तिच्यासाठी रड, कधीही माझ्याजवळ ये आणि रड. पण तिच्या मरणाचा आणि माझ्या नोकरीचा मिळून लाडू वळायचा आणि तो ॲडमिशनच्या दिवसांत वाटायचा, हे मी चालू देणार नाही. पुढच्या महिन्यात नवीन बॅचची मातृवंदना आहे म्हणे. मी येणार आहे. कोरड्या पायानं येईन आणि माइक आधी मला लागेल. तोवर उदगीरची नाझनीन शोधून काढ. तुझ्या क्लासला पोरांचे मार्क दोन मिनिटांत सापडतात, एक आई सापडायला हरकत नाही.

आता मी कुठं आहे ते. मी नांदेडला आहे, तुझ्या बायकोच्या रेल्वे क्वार्टरमध्ये. मंगळवारी मंजुश्रीचा फोन आला होता. तुमच्या अक्षताला अकरावीला लातूरला घालायचं आहे, म्हणून शुक्रवारी राजीनामा देते म्हणाली. मग विचारलं, ‘आई, तुम्ही सोडली तेव्हा पुढं कधी वाईट वाटलं का हो?’ लग्नाआधी पहिल्या भेटीतच तू तिला ती गोष्ट सांगितली होतीस, आणि इतकी वर्षं ती बिचारी माझ्या पेन्शनला अप्पांची पेन्शन समजत होती. भांड्यांच्या दुकानाला कुठली पेन्शन, एवढंही तुझ्या गोष्टीपुढं तिला सुचलं नाही. मी मिळेल त्या एसटीनं निघाले. दोन दिवस तिला सगळं सांगितलं, तुला जे वर लिहिलं तेच. आज शुक्रवार. आत्ताच ती डबा घेऊन कचेरीत गेली, राजीनामा न घेता. खिडकीतून तिला ऑटोत बसताना बघितलं आणि मग हे पत्र लिहायला घेतलं. अक्षता सोमवारच्या गाडीनं तुझ्याकडं येते आहे. तिला खोली बघू नकोस, मेस बघू नकोस, ती बापाच्या घरी राहील. मीही तिथं रांधायला येणार नाही, मी माझं काम केलेलं आहे. तिच्यासोबत ज्वारीचं पीठ पाठवते, मुरुडहून येताना दळून आणलेलं. पाणी चांगलं उकळू दे, मळताना घाई करू नकोस. पहिली करपेल. करपली तर तिला तीच वाढ, ती खाईल. आम्ही खाल्ली होती.

तुझीच आई,
पार्वतम्मा सिस्टर