पट्टी भरेपर्यंत

आई, नाना गेले. धुळ्याहून काकांच्या मुलाचा फोन आला तेव्हा मी इथे जळगावला, मेहरूणच्या घरी, एका शेजारणीचा बंद पडलेला लॅपटॉप उघडून बसले होते. तिला बॅकअप म्हणजे काय ते समजावत होते आणि तोंडातून तुझीच वाक्यं येत होती. फोन ठेवला, उरलेले स्क्रू बसवले, मग उठले. तुला ही बातमी द्यायला आता माझ्याशिवाय कोणी नाही. तू जाऊन इतकी वर्षं झाली की तुझा फोटोही पिवळा पडत चाललाय. तरी नाना गेल्याचं पहिल्यांदा तुलाच सांगावंसं वाटलं.

नाना पीत नव्हते. हे मी लोकांना सांगते तेव्हा त्यांना पटत नाही. बायकोला मारणारा माणूस दारू पिऊन मारतो असंच सगळ्यांना हवं असतं, म्हणजे दोष बाटलीवर ढकलता येतो. नाना नरडाण्याच्या कारखान्यात फिटर, शिफ्ट संपवून घरी यायचे, आंघोळ करायचे, स्वच्छ बनियन घालायचे आणि मग मारायचे. तू धुळ्याच्या घरी कॉम्प्युटर आणलास तेव्हापासून मारायला कारणही शोधावं लागत नव्हतं. मधल्या खोलीत टेबल, त्यावर तो मोठा मॉनिटर, खाली कॅबिनेट, आणि लग्नपत्रिका करून घ्यायला येणारी माणसं. मुलीचे बाप, मुलाचे मामा खुर्चीवर बसून अक्षराचं वळण निवडायचे. तू त्यांना पाणी द्यायचीस, पडद्यावर गणपती डावीकडे-उजवीकडे सरकवून दाखवायचीस. ते नानांना खपत नव्हतं. एकदा त्यांनी तुझ्या प्रिंटरमध्ये तांब्याभर पाणी ओतलं. दुसऱ्या दिवशी तुझ्या कॉम्प्युटर क्लासच्या सरांकडून एक सीडी आणि बाहेरून जोडायची एक डिस्क घेऊन आलीस. मी अमळनेरच्या कॉलेजातून सुटीला आले होते, मला वाटलं तू फायलींची कॉपी करणार. तू हसलीस. "फायली घेऊन काय करू? फॉन्ट परत कोण टाकणार, मांडण्या कोण लावणार? अख्ख्या डिस्कची इमेज घ्यायची. आत जे जसं आहे ते जसंच्या तसं, विंडोजसकट." दर शनिवारी तू इमेज घ्यायचीस आणि डिस्क जुन्या ब्लाउजपीसमध्ये गुंडाळून शेजारच्या अक्कांकडे ठेवायला द्यायचीस. अक्का ती देव्हाऱ्यामागे ठेवायच्या. आत काय आहे हे त्यांनी कधी विचारलं नाही.

त्या वर्षीची लगीनसराई आठवते? तुझ्याकडे इतकं काम होतं की भाकरीचं पीठ मी मळायचे. दुपारचं ऊन ओट्यावर उभं असायचं, कूलरमधलं पाणी तासाभरात आटायचं. त्या रविवारी एक गृहस्थ मुलीच्या पत्रिकेतली नावं तपासून नुकतेच गेले होते. त्यांचा चहाचा कप अजून टेबलावर होता. नाना बाहेरून आले, कपाकडे पाहिलं आणि म्हणाले, "तुले सांगेल व्हतं ना, घरमा परका माणूस नको." तू म्हणालीस, "ते पत्रिकेसाठी आले होते." पहिली थप्पड तिथेच बसली. दुसरी बसली तेव्हा तुझा ओठ फुटला. मी मध्ये गेले तर त्यांनी मला केसाला धरून भिंतीकडे लोटलं. माझं डोकं खुंटीवर आपटलं. मग ते टेबलापाशी गेले. त्यांनी एकेक वायर नीट काढली, कॅबिनेट उचलून बाहेर ओट्यावर नेलं, पिशवीतून पेचकस काढून झाकण उघडलं आणि आतली डिस्क सोडवली. फिटर होते, कुठल्या भागात काय असतं हे त्यांनी कुणाला तरी विचारून ठेवलं होतं. मग कारखान्यातून आणलेला तो हातभर लांब पाना घेतला आणि डिस्कवर घातला. एकदा, परत एकदा. चकचकीत चकत्या बाहेर आल्या, वाकल्या, चेचल्या गेल्या. नंतर कॅबिनेटवर घाव पडले. गल्लीतली माणसं दारातून बघत होती. पाना तिथेच टाकून नाना कामावर जायची बस पकडायला निघून गेले.

तू तोंड धुतलंस. गुळण्यांचं पाणी मोरीत लाल झालं होतं. पदराने ओठ दाबत तू म्हणालीस, "त्यांनी पेटी फोडली. काम नाही फोडलं." मग तोंडावर स्कार्फ बांधून तू आग्रा रोडच्या दुरुस्तीच्या दुकानात गेलीस आणि कुणाचं तरी जुनं कॅबिनेट मांडीवर घेऊन रिक्षातून परत आलीस.

दुसऱ्या दिवशी नाना शिफ्टवर गेल्यावर आपण बसलो. अक्कांकडून डिस्क आणली. सीडीवरून मशीन सुरू झालं. तुझा नियम होता, आधी इमेज तपासायची, मगच परत लिहायची. तपासणी अर्ध्यावर थांबली आणि पडद्यावर आलं की इमेज खराब आहे, वाचता येत नाही. मी म्हणाले, "संपलं, आई." तू मला गप्प केलंस आणि तपासणी परत लावलीस. या वेळी ती बरीच आधी थांबली. तिसऱ्यांदा जवळजवळ शेवटाला. तुझा ओठ सुजून एका बाजूला लोंबत होता, शब्द नीट फुटत नव्हते, तरी तू मला समजावत होतीस, "इमेज खराब असती तर दर वेळी त्याच जागी अडखळली असती. जागा बदलते ना? मग दोष इमेजचा नाही, या मशीनचा आहे." तू झाकण उघडलंस. आत मेमरीच्या दोन पट्ट्या होत्या. एक काढलीस, दुसरीची टोकं माझ्या खोडरबराने पुसून परत बसवलीस. तपासणी परत अडखळली. मग ती पट्टी काढून पहिली लावलीस. या वेळी तपासणी न थांबता शेवटपर्यंत गेली. काढलेली पट्टी तू खिडकीतून अंगणात फेकलीस. तुला काहीतरी फेकताना मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं.

मग रिस्टोअर सुरू झालं. पडद्यावर एक निळी पट्टी, हळूहळू भरत जाणारी. तू म्हणालीस, आता याला हात लावायचा नाही, वीज जाऊ नये एवढंच देवाला सांग. आणि नाना आले. त्या दिवशी लवकर का सुटले ते मला आजही माहीत नाही. टेबलाखाली दुसरं कॅबिनेट पाहून ते दारातच थांबले. तू उठून मधल्या खोलीच्या दारात उभी राहिलीस, उजवा हात चौकटीला लावून. "पत्रिका द्यायच्यात. लोकांची लग्नं आहेत. काम होऊ द्या, मग काय ते करा." ते म्हणाले, "हात काढ." तू काढला नाहीस. त्यांनी दार ओढलं आणि तुझ्या हातावर आपटलं. परत उघडलं, परत आपटलं. तू ओरडलीस ते ऐकून गल्लीतला कुत्रासुद्धा केकाटला. तुझी बोटं चौकटीत होती, आई. आजही दार जोरात लागलं की माझी बोटं मुठीत मिटतात.

पाना ओट्यावरच पडलेला होता. मी तो कधी उचलला ते आठवत नाही, त्याचं वजन आठवतं. नाना पाठमोरे होते. मी त्यांच्या गुडघ्यावर बाजूने मारला. वाळकं लाकूड मोडावं तसा आवाज झाला आणि ते खाली आले. "बापले मारस का व!" असं ओरडत ते जमिनीवरूनच पुढे सरकले. एक्स्टेंशनचा बोर्ड टेबलाच्या पायाशी होता, त्यांनी त्याकडे हात लांबवला. मी परत पाना उगारला. तेवढ्यात तू मला डाव्या हाताने ढकललंस आणि जशी स्वयंपाकघरात पायात घुटमळणाऱ्या पोरीवर खेकसावं तशी खेकसलीस, "वायरीवरून उड्या मारू नको! प्लग निघेल." मग तू त्यांच्या लांबवलेल्या मनगटावर पाय दिलास. नुसता दिला नाहीस, उभी राहिलीस. ते शिव्या देत होते, दुसऱ्या हाताने तुझी पोटरी ओरबाडत होते, रक्त काढत होते. तू खाली पाहिलं नाहीस. मोडलेला हात छातीशी धरून तू पडद्याकडे पाहत होतीस. अक्का धावत आत आल्या, त्यांनी सगळं बघितलं आणि नानांचा दुसरा हात धरून बसल्या. त्या दोघी बायकांना मी आजही तशाच बघते. पट्टी पूर्ण भरली तेव्हाच तू पाय उचललास.

गल्लीतल्या माणसांनी नानांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. अक्का तुलाही चल म्हणत होत्या. तू नाही म्हणालीस, आधी हे सुरू होऊ दे. मशीन परत चालू केलं, विंडोजचं चिन्ह आलं आणि लगेच पडदा निळा होऊन त्यावर पांढरी अक्षरं. परत चालू केलं, परत तेच. मी रडायला लागले. तुझा हात ओल्या फडक्यात गुंडाळलेला, बोटं वांग्यासारखी काळीनिळी. तू भिंतीला टेकून डोळे मिटलेस आणि म्हणालीस, "आपलं विंडोज जुन्या मशीनच्या सवयीचं आहे. हे मशीन डिस्कशी नव्या पद्धतीने बोलतं, ते त्याला कळत नाही. सुरू होताना डिलीटचं बटण दाब. आत डिस्कची पद्धत बदलायची जागा असेल. जुनी निवड." मी शोधलं, बदललं, जतन केलं. या वेळी निळा पडदा आला नाही. तुझी मांडणी आली, डाव्या बाजूला पत्रिकांचे फोल्डर, गिऱ्हाइकांच्या आडनावांनी. तू डोळे उघडलेस. आपल्या घरात तू प्रमाण भाषाच बोलायचीस, नाना गावाकडची बोलायचे म्हणून असेल. पण त्या वेळी तुझ्या तोंडून तुझ्या माहेरची बोली निघाली. "बठ्ठं शे," तू म्हणालीस. "बठ्ठं शे, पोरी." सगळं होतं, जागच्या जागी.

रविवारी आलेल्या गृहस्थांच्या मुलीची पत्रिका मी सीडीवर घेऊन प्रेसला पोचवली, मग आपण डॉक्टरकडे गेलो. तुझी दोन बोटं वाकडीच जुळली. चार दिवसांनी आपण कॅबिनेट गोधडीत बांधून एसटीने जळगावला आलो ते कायमचेच. नानांनी सगळ्यांना सांगितलं की कारखान्यात पडलो. पोरीनं पाडलं असं सांगणं त्यांना जड गेलं असेल. इथे मेहरूणच्या दोन खोल्यांत तू उरलेल्या बोटांनी टाईप करायचीस, आधीपेक्षा हळू, पण चूक एक नाही. तुला काविळीने नेलं तेव्हा मी तुझ्या त्या वाकड्या बोटांना धरून बसले होते. नाना आले नाहीत. मी बोलावलंही नव्हतं.

परवा मी धुळ्याला गेले ती एकटीच. घर तेच, मधल्या खोलीचं दार मात्र कुणीतरी काढून टाकलंय, नुसती चौकट आहे. नाना अंगणात चटईवर होते. त्यांचा एक पाय सरळ होईना म्हणून चौघे मिळून गुडघा दाबत होते, आणि मी बघत उभी होते. मला वाईट वाटेल याची वाट पाहिली. वाटलं नाही. काकांचा मुलगा म्हणाला, "ताई, पाया पडून घे." मी वाकले, दोन्ही तळवे त्यांच्या पावलांवर ठेवले आणि बराच वेळ उचलले नाहीत. बायकांनी एकमेकींकडे बघितलं. एक जण डोळे पुसत म्हणाली, काही झालं तरी पोटची पोर ती.

हे पत्र मी कुठे टाकणार, आई. पण तुला खरं सांगून ठेवते. मी पाया पडले नाही. ते खरंच गार झालेत का, तेवढं हात लावून बघत होते.