पोपटचा तिसरा अंक

३ मार्च १९७४, रविवार. दौंड

खोटं बोलले! साहेबरावांच्या तोंडावर, चहाचा कप हातात देता देता.

साहेबराव माझ्या माहेरच्या गावच्या नाटक मंडळाचे. पोपटचं ‘खडी’ यंदा चौदा एप्रिलच्या जयंतीला बसवायचं म्हणत होते. दुष्काळी कामावरच्या बाईचं नाटक — पण, “दोनच अंक हायती आमच्याकडं, ताई. तिसरा न्हाई घावला तर विकतचं पुस्तक आणून दुसरं बसवावं लागंल.”

“माझ्याकडे आहे तिसरा,” म्हटलं. कुठला आहे! पोपट म्हणायचा, “डोक्यात तयार हाय ताई, उतरवायचा तेवढा राहिलाय.” ऑक्टोबरात कावीळ झाली. आठ दिवसांत गेला. माझा धाकटा भाऊ — अठ्ठाविसावं चालू होतं.

८ मार्च

शाळेत मुलांना पाढे लिहायला देऊन बसले. तिसऱ्या अंकाची एक ओळ सुचेना.

पोपटला सुचायचं कापड बेतताना. शिरूरच्या बाजारात त्याचं शिलाई मशीन. हेडमास्तरांच्या कोटाच्या अस्तरावर त्यानं खडूनं अख्खा संवाद लिहिला आणि तसाच आत शिवून टाकला! मग “एक टाका राहिलाय” म्हणून कोट परत मागायला गेला. लबाड! आठवून वर्गातच हसले, मग रडू फुटलं. मुलं बघत राहिली.

१७ मार्च

शेजारची धुरपदा बसायला आली. गेल्या साली खडी फोडायला जायची. म्हणाली, “पोराला पाजाय उठलं की मुकादम अर्धी हजेरी कापायचा. वाटायचं, त्याच्याच मांडीवर टाकावं पोर!”

“मग टाकलंस?”

“न्हाई वो बाई. कुठलं!”

ती गेल्यावर लिहायला बसले. भाकरी करपली.

३० मार्च

अंक पोस्टानं पाठवला. वर लिहिलं — ‘पोपटनं सांगितलेला उतरवून काढलाय.’

१५ एप्रिल

काल संध्याकाळी विहारापुढे नाटक झालं. साहेबराव लुगडं नेसून बाई झाले होते. मिशी काढायची नाही म्हणून पदर तोंडावर! पण काय काम केलं! तान्हं पोर मुकादमाच्या मांडीवर ठेवलं — “घ्या! आता ह्याची बी हजेरी मांडा!” — आणि हातोडा उचलून खडी फोडायला बसले. बायका उठून उभ्या राहिल्या. टाळ्या थांबेनात.

आई शेजारी होती. डोळे पुसत म्हणाली, “बाईच्या मनातलं माझ्या पोपटला कसं गं कळायचं!”

माझं आहे ते, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण कितीतरी महिन्यांनी ती हसत होती. मीही टाळ्या वाजवत राहिले.

परत येताना एस.टी.त त्याचा हेवा वाटला. गेलेल्या भावाचा हेवा! स्वतःचीच लाज वाटली. तो असता तर पोट धरून हसला असता. फार आठवण येते त्याची.

२१ एप्रिल

साहेबराव पेढे घेऊन आले. “पोपटची आनखी नाटकं हायती का, ताई?”

“आहेत की,” म्हटलं. “दोन.”

एकाचं नाव सुचलंय.