होऽ म्हटलं की थांबणारा

लिंकन, ३ सप्टेंबर १९१७

चि. इनॉक यास ताईचे अनेक आशीर्वाद.

तोफ ओढणाऱ्या ट्रॅक्टरलाही तू नांगराच्या घोड्यासारखं ‘होऽ’ ओरडतोस आणि मग दांडा ओढायचं आठवतं, हे वाचून आई किती दिवसांनी हसली! अरे वेड्या, त्याचे पट्टे मीच इथे कारखान्यात जोडते; कान बसवलेले काही मी पाहिले नाहीत.

पण पुढचं वाचून माझं डोकं फिरलं. पिकवर्थचा पोरगा तुझा साहेब? आणि तोच तांबडा घोडा घेऊन मिरवतो? लढाई लागली तेव्हा सैन्यासाठी घोडे निवडायचं काम त्याच्या बापाकडे होतं. पोराचा घोडा त्याने गंजीमागे लपवला, आणि आपली गाभण घोडी व्हायोलेट नांगरावरून सोडून नेली. नावसुद्धा न विचारता खुरावर नंबर डागला. बाबा रिकाम्या तबेल्यात बसून खंगले, नाताळही बघितला नाही त्यांनी. मला त्या घरातल्या कुणाच्या तरी डोळ्यांत पाणी बघायचंय. एक दिवस त्या पोराला तुझी गरज पडेल. पडली की पाठ फिरव. माझी शपथ आहे तुला.

लोकरी मोजे पाठवलेत. ते घाल आणि माया राहू दे.

तुझी ताई, केझिया

ईप्रच्या आघाडीजवळ, १४ ऑक्टोबर १९१७

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझी शपथ पाळली. काल तोफ मागे बांधून फळ्यांच्या रस्त्याने चाललो होतो. साहेबाचा तो तांबडा घोडा फळीवरून घसरून पोटापर्यंत चिखलात रुतलेला. साहेब म्हणाला, इनॉक, दोर टाक. पहिल्यांदाच नावाने हाक मारली. मी म्हटलं, तोफेशिवाय कशासाठीही थांबायचं नाही, हा आपलाच हुकूम. तो लहान मुलासारखा रडला ताई. खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं.

तिथेच माझी खोड नडली. पुढे फळी मोडलेली दिसली आणि मी ओरडलो, ‘होऽ!’ ट्रॅक्टरला कसले कान! पण त्या घोड्याने ऐकलं. इतका धडपडत होता, तो एकदम थांबला. कान टवकारून माझ्याकडे बघत राहिला, आता हा माणूस येऊन सोडवणार म्हणून. व्हायोलेट उभी राहायची तसाच.

मी दांडा ओढला, ट्रॅक्टर वळवून पुढे गेलो. थोड्या वेळाने मागे पिस्तुलाचा आवाज झाला.

आईला हे वाचून दाखवू नकोस. माझ्याकडून आता आणखी काही मागू नकोस, लोभ तेवढा ठेव.

इनॉक

लिंकन, २६ ऑक्टोबर १९१७

चि. इनॉक यास आशीर्वाद.

माझा चेहरा बघून आईने वाचायला लावलंच. या दिवसाची मी तीन वर्षं वाट पाहिली, आणि आज कारखान्यात एक पट्टा धड जोडता आला नाही.

जेवायला बसल्यावर तिने एवढंच विचारलं, त्या घोड्याचं नाव काय होतं. मला ते ठाऊकच नाही. तेव्हापासून तिचं ताट तसंच आहे.

साहेबाला विचार. लाज वाटली तरी विचार, आणि कळव.

तुझीच, केझिया